पिल्लाची चोच

खाडीच्या चिखलात कोणी पाय ठेवायचा नाही, अशी दवंडी राजेसाहेबांनी पिटवली. झालं होतं एवढंच, की सज्ज्यातून त्यांना दोन कोरल पक्षी दिसले होते. एक मोठा, लांबलचक वाकड्या चोचीचा. दुसरा रंगाने तसाच, पण लहान आणि चोचीने आखूड.

"आई आणि पिल्लू," राजे म्हणाले. "पिल्लाची चोच आईएवढी होईपर्यंत खाडी बंद."

दिवाणांनी मान डोलावली. राजांना पिल्लांची माया होती आणि दिवाणांना नोकरीची.

चिखलातले तिसऱ्या, कालवं असे शिंपले वेचून पोट भरणाऱ्या बायका घरी बसल्या. चौथ्या दिवशी त्यांच्यातली चांगुणा दरबारात आली.

"महाराज, ते पिल्लू नव्हे. तो धाकटा कोरल, त्याची जातच निराळी. शंभर वर्षं थांबलात तरी त्याची चोच वाढायची नाही."

"मग पटवून दे. पण पक्षी धरायचा नाही, त्याच्या जवळही जायचं नाही. नाही जमलं तर खाडी बंदच."

"बरं. उद्या ओहोटीला यावं. जोडे वाड्यावर ठेवून."

दुसऱ्या दिवशी राजे गुडघाभर चिखलात उभे होते आणि दिवाण मांडीभर. कोरल चरत चरत लांब गेल्यावर चांगुणाने मोठ्या कोरलाच्या चोचीने पडलेल्या भोकात गवताची काडी घातली. काडी जवळजवळ वीतभर आत गेली.

"मोठा खोलातले किडे ओढतो. आता धाकटा चरत गेला ती वाट बघा."

धाकट्याच्या वाटेवर खेकड्यांच्या मोडक्या नांग्या पडल्या होत्या.

"खेकडा वरच सापडतो, महाराज. त्याला लांब चोच हवी कशाला?"

"लहान आहे म्हणून खेकडे खातंय," राजे हटून बसले. "मोठं झालं की खोल खणेल."

"बरोबर, बरोबर," दिवाण म्हणाले आणि आणखी चार बोटं खाली गेले.

चांगुणाने राजांच्या कमरेच्या तलवार-कट्यारीकडे पाहिलं. "ही कट्यार कधीची, महाराज?"

"आजोबांची. का?"

"तलवारीच्या शेजारी इतकी वर्षं राहिली, तरी अजून तिची तलवार झाली नाही?"

राजांनी कट्यारीकडे पाहिलं. मग असे हसले की खाडीवरचे सगळे पक्षी उडाले, आणि राजांना धरून उभे असलेले दिवाण चिखलात बसले.

"खाडी उघडा," राजे डोळे पुसत म्हणाले, आणि ती चांदीच्या मुठीची कट्यार त्यांनी चांगुणाच्या हातात ठेवली.

चांगुणाने अंगठ्याने धार पाहिली. "बरी आहे. कालवं फोडायला होईल."