माघारी आलेला दाणा

एका राज्यात एक राजा होता, नाव कीर्तिध्वज. सात गड त्याचे, सत्तर हत्ती त्याचे. पण घरात माणसं दोनच, तो आणि त्याची आईवेगळी लेक शेवंती. शेवंतीचा जीव होता मुदपाकखान्यामागच्या परसात, सात कोंबड्यांत आणि एका तांबड्या कोंबड्यात. कोंबड्याचं नाव शिलेदार. त्या राज्यात कोंबडे बोलत असत. कोंबड्याही बोलल्या असत्या, पण त्यांना सवड नसे.

राजा जेवायला बसला तरी फिर्यादी आणि कारभारी पाठ सोडत नसत. शेवंती आपल्या पानातला पहिला घास उचलून त्याच्या पानात ठेवी. म्हणे, "आबा, आधी तुम्ही. सगळ्यांचं बघता, नि स्वतः उपाशी राहता." राजा म्हणे, "पोरखेळ पुरे," आणि खलिते वाचत राही. आता काय म्हणावं या बापाला!

एके दिवशी काळजिभ्या मांत्रिक परसात आला. म्हणाला, "राजकन्ये, औषधाला तुझ्या कोंबड्याचा तुरा हवा."

"मिळणार नाही. तो गेला तर घार आल्याची वर्दी माझ्या कोंबड्यांना कोण देईल?"

"एवढी माया? मग त्यांच्यातच राहा!"

त्यानं फुंकर मारली, शेवंतीची कोंबडी झाली. दुसरी फुंकर मारली, आठही कोंबड्या एकसारख्या पांढऱ्या झाल्या. शिपायांनी तलवारी उपसल्या, तर म्यानांतून पिसं निघाली. राजा धावत आला. मांत्रिक म्हणाला, "दिवस तीन, संधी तीन. कोंबडी उचल आणि म्हण, ही माझी लेक. तीनदा चुकलास, तर ती माणूसपण विसरेल."

राजानं कोंबड्याला विचारलं, "शिलेदारा, यातली माझी शेवंती कोणती?"

"महाराज, परसात आली ती माझी. मला आठही सारख्याच."

पहिल्या दिवशी राजानं लेकीचा मोत्यांचा हार तबकात मांडला. आपला हार ती ओळखेलच, असं त्याला वाटलं. आठही जणी मोत्यांवर तुटून पडल्या. सर्वांत आधी पोचली तिला राजानं उचललं. "ही माझी लेक!" काही घडलं नाही. कोंबडीनं मात्र एक मोती गिळला.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या आवडीची खीर आणवली. सात जणी पायांसकट पातेल्यात. आठवी दूर, टोपलीत, मान आखडून बसलेली. राजाचा ऊर भरून आला. राजघराण्याची रीत ती हीच! त्यानं तिला उचलून "ही माझी लेक!" म्हटलं, तशी तिनं त्याच्या हाताला कडकडून चोच मारली.

परसाची राखण करणारी तानाक्का कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो महाराज, ती खुडूक बसलीय! तिला अंडी उबवायचीत, ती कशाला खाईल? लेकीजवळ घडीभर बसला असता, तर एवढं तरी कळलं असतं."

एवढं बोलल्यावर एखाद्याचं डोकं उडालं असतं. पण राजा खाली मान घालून म्हणाला, "खरं आहे तुझं. आता काय करू?"

"काही करू नका. बसा, नि बघा."

तिसऱ्या दिवशी दरबार भरला नाही. राजा मुकुट काढून परसात मातीत बसला. शिलेदार उकिरडा उकरत होता. जोंधळ्याचा दाणा सापडला, की चोचीत धरी, खाली टाकी, "कुट् कुट्" करून कोंबड्यांना बोलावी आणि स्वतः बाजूला होई. असं एकदा, दहादा, वीसदा. दिवस मावळतीला आला, तरी त्याच्या पोटात कण नव्हता. राजाच्या मनात आलं, काय खुळा प्राणी! सगळ्यांचं बघतो, नि स्वतः उपाशी राहतो.

हे शब्द कुठं ऐकले होते बरं?

इतक्यात शिलेदारानं आणखी एक दाणा टाकला. एका कोंबडीनं तो उचलला, पण गिळला नाही. ती मागे वळली, दाणा शिलेदाराच्या पायाशी ठेवला आणि तो खातोय का, हे बघत उभी राहिली.

राजाला रडूच फुटलं. रांगत जाऊन त्यानं तिला छातीशी धरलं. "ही माझी लेक! ही माझी शेवंती!"

हातात पिसं उरली नाहीत. गळ्यात लेकीचे हात पडले. सातही कोंबड्यांचे रंग परतले. मांत्रिक पुन्हा फुंकर मारायला गेला, तर तोंडातून कोंबड्याची बांग निघाली. आरवत आरवतच तो सीमेपार गेला.

त्या संध्याकाळी खलिते बाहेर राहिले. शेवंतीनं पहिला घास राजाच्या पानात ठेवला. राजानं तो खाल्ला, दुसरा तिला भरवला. "चुकलो गं पोरी," तो म्हणाला.

शिलेदारासाठी चांदीच्या वाटीत निवडक दाणे ठेवले होते, त्याच्या एकट्यासाठी. त्यानं वाटीत डोकावलं, मान वर केली आणि म्हणाला, "कुट् कुट्!" सातही जणी धावल्या.

"आबा, हा काही सुधारायचा नाही," शेवंती हसून म्हणाली. मग बाप-लेक दोघंही उठले आणि त्याला ओंजळीतून भरवू लागले.

त्या परसात जसा दाणा माघारी आला, तसा देणाऱ्या प्रत्येकाला एक तरी घास माघारी मिळो.