लांब भाला आणि डावा हात

“फेकणं म्हणजे वार नव्हे. बरोबर का, वस्ताद?”

ऋत्विजच्या या वाक्यापासून सुरू करा म्हणाले स्मरणिकेवाले. मी कशाला सुरू करू? मी चौथीत शाळा सोडलेला, तालमीची माती खणणारा माणूस. तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा कागद-पेन घेऊनच दारात उभे. वर सांगतात, “दौलूतात्या, वस्तादांची आठवण आहे, जरा गोड लिहा.” गोड पाहिजे असेल तर हलवायाकडं जा. झालं तसं लिहितो.

आमचे वस्ताद म्हणजे शामराव बागणीकर. चाळीस वर्षं त्यांनी लाठी, पट्टा, भाला शिकवला. मग त्यांचे गुडघे गेले आणि पोरंही यायची बंद झाली. आली तरी वर माडीवर बसून फाशांचा खेळ खेळायची. प्रत्येकानं कागदावर आपला एक वीर लिहायचा. एकानं गोष्ट सांगत जायची. पुढं दरी आली, राक्षस आला, आता काय करता? करायचं ते बोलायचं आणि फासे टाकायचे.

मला वाटलं, वस्ताद ते फासे खिडकीतून बाहेर भिरकावतील. ते जाऊन पोरांत बसले. वर्षभरात गोष्ट तेच सांगायला लागले. निकालही त्यांचाच.

खेळाची एक जाडजूड वही होती. कुठलं हत्यार कसं चालतं, किती लांब जातं, सगळं तिच्यात.

वस्तादांनी त्यात आपली एक रीत घातली. ज्याचा वीर मरेल, त्यानं त्याचा कागद खाली कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत पुरायचा. तो वीर संपला. पुन्हा लिहायचा नाही.

खड्डा खणायला अर्थात मी.

त्या रविवारी दुपारी गोष्ट अशी आली होती की, झुलता पूल तुटलाय. तेजू चौगुलेची सोनतारा दरीवर लोंबकळतेय. ऋत्विजच्या वीरानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलंय. उजव्या हातात लांब भाला. आणि समोरून राक्षस येतोय.

सोनतारा चार वर्षं जिवंत होती. तिचा कागद खोडून खोडून भोकं पडलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. तेजू नर्सचं शिकते, रडणारी पोरगी नव्हे. पण त्या दिवशी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. राक्षस मारायचा तर दोन्ही हात भाल्याला पाहिजेत, म्हणजे सोनतारा खाली. तिला धरून ठेवायचं तर राक्षस दोघांना खाणार.

ऋत्विज कायदा शिकायचा. वही त्याला पाठ. न उघडता पान सांगायचा.

“वाच,” वस्ताद म्हणाले.

“लांब भाला. दोन हातांचं हत्यार. वार करताना दोन्ही हात लागतील.”

“झालं की मग.”

“नाही झालं, वस्ताद. वार करताना. मी वार करतच नाहीये, मी फेकतोय. फेकायच्या हत्यारांचं पान वेगळं आहे. त्यात लांब भाला आहे. आणि तिथं हातांबद्दल एक अक्षर नाही.”

“म्हंजे एका हातानं फेकणार?”

“एका हातानं फेकणार, दुसऱ्यानं तिला धरणार. राक्षसही मेला, सोनताराही वाचली.”

तेजू म्हणाली, “आणि नेम चुकला तर?”

“माझा नेम चुकत नाही.”

“गेल्या रविवारी घोडा मारलास. आपलाच.”

पोरं हसली. ऋत्विज हसला नाही.

वस्तादांनी वही ओढून घेतली. चष्मा कपाळावरून खाली घेतला. दोन्ही पानं वाचली… परत वाचली… गुडघा चोळत बसले.

“पानं बरोबर हाईत,” ते म्हणाले.

ऋत्विजचा चेहरा असा फुलला की जणू कोर्टच जिंकलं.

“मग टाकू फासे?”

“दम खा.” वस्तादांनी खिडकीतून हाक मारली, “दौलू! हायस का रं?”

मी कुठं जाणार? कट्ट्याखाली नवी माती पडली होती, तिच्यात ताक आणि तेल घालून तुडवत होतो. सगळी माडी खाली उतरली.

“वजन किती तुझं?”

“त्र्याऐंशी.”

“ब्येस. कट्ट्यावर चढ.”

चढलो. वस्तादांना नाही म्हणायची सवय नव्हती मला. ती सवय लावून घ्यायला पाहिजे होती.

मला कट्ट्याच्या कडेला टाचा टेकवून उभं केलं, तोंड आत, पाठ मातीकडं. ऋत्विजनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मी मागं झुकलो. आता तो धरेल तोवर मी वर, सोडलं की खाली. त्याच्या उजव्या हातात सरावाचा लांब भाला दिला. अंगणाच्या टोकाला आम्ही सरावासाठी केळीचा बुंधा पुरलेला असतो.

“तो बुंधा राक्षस,” वस्ताद म्हणाले. “आणि दौलू म्हंजे सोनतारा.”

तेजू म्हणाली, “माझी सोनतारा अशी दिसत नाही हं.”

“मलाही हौस नाही,” मी म्हटलं.

“ऋत्विज, धरलंयस न्हवं?”

“घट्ट धरलंय.”

“मग फेक.”

पोरानं डोळा बारीक केला. भाला खांद्यावर घेतला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी एवढंच म्हटलं, “बाबा, इकडं पण लक्ष…”

फेकला.

भाला खचकन बुंध्यात रुतला. मधोमध. मी फचकन चिखलात. डोक्यापासून टाचेपर्यंत ताक.

“लागला!” ऋत्विज ओरडला. “बघितलंत? एका हातानं! मी म्हटलं नव्हतं?”

कुणी टाळी वाजवली नाही.

तो बुंध्याकडंच बघत होता…

“लागला,” वस्ताद म्हणाले. “निकाल तुझा. चला वर.”

सगळे वर गेले. मला उठवायला फक्त तेजू थांबली. कमरेला हात लावून बघितला, “हाड शाबूत आहे तात्या,” म्हणाली आणि तीही पळाली. तिची बाई दरीवर लोंबकळत होती ना.

मी चडफडत मागून जिना चढलो. चार शब्द सुनावायचे म्हणून. सगळ्या जिन्यावर चिखल झाला. तो पुसायलाही मीच.

दारात पोचलो.

ऋत्विजच्या उजव्या मुठीत फासे. डावी मूठ अजून तशीच आवळलेली. ती उघडायचं राहूनच गेलं होतं त्याचं. त्यानं ती उघडली. आत माझ्या शर्टाच्या बाहीचं टोक, मनगटापाशी फाटलेलं. बटणासकट.

तो ते बघत राहिला…

“वस्ताद, नियम बरोबर आहे ना?”

“बरोबर हाय.”

“तुम्ही निकाल फिरवणार नाही?”

“दिल्याला निकाल मी फिरवत न्हाई. टाक फासे.”

तेजूनं आपला कागद जवळ ओढला. त्यावर हात ठेवला.

ऋत्विजनं मूठ उचलली. हलवली. फासे आतल्या आत वाजले… आणि त्यानं ते चटईवर ठेवून दिले. टाकले नाहीत. ठेवले.

“भाला सोडला,” तो म्हणाला.

“फेकलास?”

“नाही. सोडला. दरीत जाऊ दे. दोन्ही हातांनी तिला धरतो.”

“राक्षस धा पावलांवर हाय.”

“असू दे.”

“आता हत्यार न्हाई तुझ्याकडं.”

“माहितीये.”

“दोघं मरशिला. दोन कागद मातीत जातील.”

ऋत्विजनं तेजूकडं बघितलं. तेजूनं मान हलवली. हो म्हणाली का नको म्हणाली, मला दारातून कळलं नाही.

“धरलंय,” तो म्हणाला.

वस्तादांनी पेन्सिल उचलली. परत खाली ठेवली.

“किती वेळ धरशील?”

ऋत्विजनं वही ओढली. पानं उलटायला लागला. भाल्याचं पान, फेकायचं पान, चढण्या-उतरण्याचं पान… त्या पोराला वहीत शोधताना मी पहिल्यांदा बघितलं.

“किती वेळ धरता येतं, वस्ताद? कुठं लिहिलंय?”

वस्तादांनी त्याच्या हातातून वही घेतली आणि मिटली.

“ते न्हाई लिवलेलं. सुटल्यावर काय हुतं, तेवढंच हाय.”

…

पुढं त्या दोघांचं काय झालं ते पोरांना विचारा, मी अंग धुवायला गेलो. त्यानं कागदावरच्या बाईला दोन्ही हातांनी धरलं, चांगलं केलं. जित्या माणसाला खाली टाकलं, त्याची माफी मात्र आजतागायत मागितलेली नाही. नाव लिहून घ्या: ऋत्विज इंगवले.