भूपालच्या टेबलावरचं खोकं

"...पण चाचा, बिघडलेलं कार्ड नेमकं माझ्याच वाट्याला कसं आलं?"

मिरजेत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या इस्माईलचाचांनी चष्मा कपाळावर ढकलला. विचारणारा रणधीर, त्यांचा शिष्य. हात सफाईदार, पण नजर सदा भूपालच्या टेबलावर. भूपाल हा दुसरा शिष्य.

चाचा पुढच्या महिन्यात लेकीकडे विजापूरला राहायला जाणार होते. त्यांची खुर्ची कुणाला, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या खुर्चीपायी रणधीरला अन्न गोड लागत नव्हतं.

त्या सकाळी एका शाळेतून दोन जुने कॉम्प्युटर आले. दोन्ही सारखेच म्हातारे. पेनड्राइव्ह लावला की कॉपी व्हायला दुपार उलटायची. चाचांनी दोघांच्या टेबलांवर यूएसबीच्या नव्या कार्डाचं एकेक खोकं ठेवलं आणि म्हणाले, बसवा.

भूपालचं काम अर्ध्या तासात झालं. रणधीरच्या पडद्यावर कार्डचं नाव आलं, पण पेनड्राइव्हचा दिवा काही लागेना. नाचता येईना अंगण वाकडं, तसं खापर कार्डावर फुटलं. अख्खा कॉम्प्युटर उचलून तो बाहेरच्या खोलीत चाचांसमोर घेऊन आला.

"तुमचा जीव भूपालवर आहे," तो म्हणाला. "खरं सांगतो चाचा, त्याचं चाललेलं मला बघवत नाही."

"दोन्ही कार्डं एकाच दुकानातली आहेत."

"असतील. पण चांगलं त्यालाच गेलं."

"खोकी मी ठेवली टेबलांवर. त्याचं त्याच्यापुढं, तुझं तुझ्यापुढं."

रणधीरने मान खाली घातली.

"...तो चहा सांगायला गेला होता. तेवढ्यात मी खोकी बदलली."

चाचांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"मला वाटलं, त्याला तुम्ही चांगलं दिलं असणार."

"म्हणजे भूपालकडे चालतंय ते तुझं कार्ड."

"...होय."

"तुझं कार्ड चालतंय, मग तुला आनंद का झाला नाही?"

आतल्या खोलीत भूपाल काहीतरी गुणगुणत होता, आणि तेही रणधीरला सहन होत नव्हतं.

चाचांनी कॉम्प्युटरचं झाकण काढलं. कार्ड नीट बसलेलं होतं. त्याला सप्लाय देणारी वायर मात्र बाजूला नुसतीच लोंबत होती. चाचांनी ती दोन बोटांत धरून वर उचलली.

रणधीरचे कान लाल झाले.

"भूपालच्या आधी झाकण लावायचं होतं," तो पुटपुटला. मग त्याने हात पुढे केला. "द्या, जोडतो."

चाचांनी वायर दिली नाही.

"वायर मी जोडतो. तू आत जा, आणि भूपालला सांगून ये, त्याच्याकडे चालतंय ते कार्ड तुझं आहे म्हणून."