हव्या त्या वेगाने महाराज

एका जंगलात एक राजा होता आणि तो निवडून आलेला होता. निवडणुकीत त्याच्यासमोर एक रानडुक्करही उभं होतं. ते सध्या कुठे असतं असं कोणी विचारत नाही, कारण विचारणाराही नंतर कुठे असतो ते कळत नाही. राजा म्हणजे एक अस्वल. अस्वलांना मध आवडतो हे सगळ्या जंगलाला ठाऊक होतं. पण महाराजांनी मध सोडल्याचं जाहीरनाम्यात लिहिलं होतं, आणि जाहीरनामा फार सुबक छापला होता.

या जंगलात हौसा नावाची चिचुंद्री राहायची. ती जन्मापासून आंधळी. त्याचं तिला विशेष काही वाटत नसे. मिशांना भिंती कळत, नाकाला शेजारी कळत आणि कानांना शेजाऱ्यांची भांडणं कळत. यापलीकडे जंगलात बघण्यासारखं काही आहे, असं तिला अजून कोणी पटवून दिलेलं नव्हतं. तिला चार पिल्लं होती. बाहेर पडताना पहिलं पिल्लू हौसाची शेपूट तोंडात धरी, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची, आणि अशी ती वरात सरकारी कोठारापर्यंत जाई.

कोठारात सगळ्यांनी हंगामात आपापलं आणून टाकायचं आणि मग वर्षभर वाट्याचं न्यायचं. कोणाला ज्वारी, कोणाला शेंगा, चिचुंद्र्यांना नाकतोड्यांची सुकट. खिडकीत रानकोंबडी बसायची. हौसा म्हणायची, "मी आलेय गं." रानकोंबडी म्हणायची, "वासावरूनच कळलं," आणि सुकट द्यायची. ही पद्धत अत्यंत मागासलेली होती.

म्हणून महाराजांनी खिडकी बंद केली आणि घरटी एक काचेची पाटी वाटली. पाटीवर हिरवं पान उमटायचं. सूर्य मावळायच्या आत पानावर पंजा ठेवला की कोठाराची झडप उघडायची आणि वाटा बाहेर पडायचा. हौसाने पाटीवर मिशा फिरवल्या, नाक फिरवलं, शेवटी जीभही फिरवली. काच सगळीकडून सारखीच लागली.

शेजारी नामदेव घोरपड राहायचा. त्याचा पुढचा एक पाय सापळ्यात गेला होता, पण उरलेल्या तिघांवर तो दुसऱ्यांच्या कामात वेळेवर पोचायचा.

"पान दाबून देतो," तो म्हणाला. "अर्धी सुकट माझी."

"अर्धी? नामदेवभाऊ, बोट तर एकच लागतं."

"एकच लागतं. पण ते माझं लागतं."

अर्ध्या सुकटीत दोन पिल्लं जेवायची आणि दोन एकमेकांच्या शेपट्या चावत झोपायची. कोणत्या दोघांची पाळी, यावर रोज मारामाऱ्या व्हायच्या. शेवटी हौसा दरबारात गेली.

"महाराज, मला पाटी दिसत नाही."

महाराज गहिवरले. गहिवरले की ते दोन पावलं डावीकडे सरकत, कारण तिथे उजेड चांगला पडायचा. "आजपासून," ते म्हणाले, "या जंगलात कोणीही आंधळं नाही. आजपासून ते सगळे दिव्यदृष्टीधारक."

टाळ्या झाल्या. हौसाने टाळ्या संपू दिल्या.

"आणि पाटीचं?"

"पाटीचं काय?"

"ती अजून दिसत नाही."

महाराजांनी प्रचारमंत्री साळुंकीबाईंकडे पाहिलं. साळुंकीबाई महाराजांचा आवाज इतका हुबेहूब काढत, की महाराज झोपलेले असतानाही राज्यकारभार थांबत नसे. त्या म्हणाल्या, "परदेशातून करकोचे येतात ना, त्यांच्याकडे बोलक्या पाट्या असतात म्हणे. मागवू."

तर अशी 'बोलकी पाटी योजना' आली. वाटपासाठी उंच मांडव घातला आणि दिव्यदृष्टीधारकांनी शिडी चढून वर यावं असं सांगितलं. योजनेचा मसुदा करकोच्यांच्या माहितीपत्रकावरून जसाच्या तसा उतरवला होता. तो कोणी वाचला नव्हता. महाराजांनी स्वतःची एकच भर घातली. "या बिचाऱ्यांना माझा चेहरा दिसत नाही," ते म्हणाले. "हा अन्याय भाषणाने भरून काढा."

दुसऱ्या दिवशी हौसाने उन्हं वर यायच्या आत पाटीवर पंजा ठेवला.

"माझ्या लाडक्या वनबांधवांनो," पाटी महाराजांच्या आवाजात म्हणाली. "मी तुमच्यातलाच एक आहे. फक्त आकाराने मोठा आहे."

मग भाषण. भाषणानंतर चित्रांचं वर्णन. "महाराजांचा फोटो, हसरा. महाराजांचा फोटो, गंभीर. महाराजांचा फोटो, हसू की गंभीर होऊ असा विचार करताना. महाराजांचा फोटो, हरणाच्या पाडसाला कडेवर घेतलेला. पाडस चौकटीबाहेर आहे." हौसाने पिल्लांना अंघोळी घातल्या, बीळ झाडलं, थोडी झोप काढली. संध्याकाळी पाटी म्हणाली, "हिरवं पान आता तुमच्या पंजाखाली आहे. मात्र सूर्य मावळला आहे. उद्या अवश्य या."

त्या दिवशी एकही पिल्लू जेवलं नाही. निदान मारामारी तरी झाली नाही.

तेवढ्यात विधानसभेत एका लांडग्याने प्रश्न विचारला, की भाषण फक्त आंधळ्यांनाच का, डोळस जनतेने काय पाप केलंय? त्याला मंत्रीपद मिळालं आणि भाषण सगळ्यांच्या पाट्यांवर आलं. आता सगळं जंगल सकाळपासून पाटी मांडीवर घेऊन बसू लागलं. ससे उपाशी, हरणं उपाशी. माकडं तर इतकी कंटाळली की खरीखुरी कामं करू लागली.

आणि एका सकाळी हौसाची मिशी पाटीच्या कडेला अडकली.

तिथे एक बारीक दातेरी चाक होतं. करकोच्यांच्या मुलखात आंधळे फार भरभर ऐकतात, म्हणून त्यांनी ते बसवलं होतं. डोळसांच्या पाटीला ते नव्हतं. मिशी सोडवताना चाक थोडं फिरलं, आणि महाराज गाय चुकलेल्या गुराख्यासारखे घाईने बोलू लागले. हौसाने कान टवकारले. आणखी फिरवलं. महाराज खारीसारखे बोलू लागले. तिने चाक पार शेवटापर्यंत नेलं.

"टिर्रर्र," महाराज म्हणाले. "हिरवं पान आता तुमच्या पंजाखाली आहे."

हौसाला त्या टिर्रमधला शब्द न् शब्द कळला होता. अंधारात पळणाऱ्या झुरळाचा पाय कुठला वाजला हे ज्या कानांना कळतं, त्यांना महाराज काय जड? तिने पंजा दाबला. झडप वाजली. पूर्ण सुकट, स्वतःच्या पंजाने. पिल्लांनी इतकं खाल्लं की परत येताना वरातीतली दोन पिल्लं जांभई देताना शेपूट सोडून हरवली आणि पुन्हा शोधावी लागली.

"एवढ्यात झालं भाषण?" नामदेव दारात उभा होता. त्याच्या अर्ध्या सुकटीचा प्रश्न होता. "काय म्हणाले महाराज?"

"कालचंच. भरभर ऐकलं की त्यात किती कमी आहे ते कळतं."

हे तिने नामदेवला सांगितलं, म्हणजे जंगलाला सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, चाकाची पाटी. ती फक्त आंधळ्यांना मिळत होती. संध्याकाळपर्यंत जंगलात आंधळेपणाची साथ आली.

दाखला द्यायला डॉक्टर घुबड होते. त्यांची वेळ सकाळची, म्हणजे त्यांच्या झोपेची. समोर जो येईल त्याच्यावर ते पेंगत ठप्पा मारत. हरणं डोळे मिटून झाडांवर आदळत आली. मोर वाटेत तीनदा पडला, पण जिथे बघणारे जास्त होते तिथेच पडला. गरुड म्हणाला, "मला काहीच दिसत नाही हो." घुबडाने दाखला दिला, तो वाऱ्याने उडून डोंगरापलीकडे गेला, आणि गरुडाने तिथून तो अलगद उचलून आणला. नामदेवने तेवढा अर्ज केला नाही. "मी पायाच्या सवलतीत बसतो," तो म्हणाला. "एका प्राण्याला एकच सवलत."

घोळ वाढला तेव्हा फेरतपासणी निघाली. तपासनीस म्हणून एक वानर आला. हौसा पिल्लांची वरात घेऊन वारुळाला वळसा घालून, मुळांवरून उडी मारून थेट त्याच्या टेबलासमोर थांबली.

"तुम्ही आदळला नाहीत," वानर म्हणाला.

"कशाला आदळू?"

"बाई, सकाळपासून मी इतके आंधळे तपासले. एकूण एक आदळला. गरुडसाहेब तर माझ्यावरच आदळले. तुम्हाला साधं ठेचकाळताही येत नाही?"

"मी जन्मापासून आंधळी आहे. सराव आहे मला."

"तेच लिहितोय. सराव केलेला दिसतो." त्याने चाकाची पाटी काढून घेतली, साधी दिली आणि हौसाच्या कपाळावर 'डोळस' असा शिक्का मारला. सगळ्या जंगलात डोळस ठरलेली ती एकटीच. पिल्लं पुन्हा उपाशी झोपू लागली. नामदेव पुन्हा वेळेवर येऊ लागला, पण भाषण संपेपर्यंत सूर्य मावळायचा आणि त्यालाही काही मिळेना. ज्यांच्याकडे चाक होतं, त्यांची झडप उघडायची खरी, पण नुसता वारा यायचा. वारा ताजा असल्याचं सरकारने कळवलं.

इकडे योजना सगळ्या जंगलापर्यंत पोचल्याबद्दल कोठारासमोर महासभा ठरली. झाडून सगळे डोळे मिटून हजर होते. हौसा पुढच्या रांगेत, मागे पिल्लं.

"माझ्या लाडक्या वनबांधवांनो," महाराजांनी सुरुवात केली. "मी तुमच्यातलाच..."

"महाराज, जरा भरभर," एक ससा म्हणाला.

"काय?"

"योजनेत लिहिलंय. महाराजांचं भाषण हव्या त्या वेगाने ऐकणं हा दिव्यदृष्टीधारकांचा हक्क."

साळुंकीबाईंनी योजना उघडून पाहिली. लिहिलं होतं. खाली महाराजांच्या पंजाचा ठसा होता. सभेने एका सुरात "चाक फिरवा, चाक फिरवा" सुरू केलं, आणि महाराजांना घोषणांची सवय असल्यामुळे ते खूश झाले. ते भरभर बोलू लागले. टाळ्या पडल्या. ते आणखी भरभर बोलले, हात हलवायचे थांबले, श्वास घ्यायचे थांबले, आणि शेवटी त्यांच्या तोंडातून नुसतं टिर्रर्र येऊ लागलं. लोक नाचू लागले. इतका वेगवान नेता जंगलाने पाहिला नव्हता, आणि आताही डोळे मिटून कोणी पाहत नव्हतं.

पण भाषण होतं तेवढंच होतं. ते संपलं आणि महाराजांचा वेग काही थांबेना. जिभेला पुढे जे सापडेल ते येऊ लागलं. सगळ्यांना टिर्र ऐकू येत होतं. हौसाला ऐकू येत होतं: मागच्या भिंतीचं भोक बुजवायचं राहिलंय, ज्वारी देऊन मध आणलाय तोही संपत आलाय, सुकट मेव्हण्याने नेली, त्याला सांगितलं होतं थोडी ठेव.

महाराज खोकले आणि थांबले. टाळ्या कडकडल्या.

"कोठार रिकामं आहे," हौसा म्हणाली. "आत्ता तेच म्हणाले महाराज."

टाळ्या थांबल्या. साळुंकीबाई म्हणाल्या, "हौसाबाई डोळस आहेत. त्यांना भरभर ऐकायचा हक्क नाही. त्यांनी जे ऐकलं ते ऐकलेलं धरता येत नाही."

"बरं, ऐकू नका. बघा. गरुडभाऊ, दार उघडंच आहे, वारा येतोय. सांगा आत काय आहे?"

गरुडाने डोळे आणखी घट्ट मिटले. "मला कसं दिसणार गं बाई?"

हौसाने मिशा दाराकडे वळवल्या. मग म्हणाली, "सरकारी डोळस मी एकटीच ना? मग मीच बघून येते."

याला कायद्यात उत्तर नव्हतं. वरात आत गेली. आत पिल्लांच्या पायांचा आवाज घुमत होता, तो बाहेर सगळ्यांनी ऐकला. बराच वेळ गेला. वरात बाहेर आली तेव्हा पिल्लांची तोंडं चिकट होती आणि पोटं टम्म होती. मागच्या भोकाजवळ सांडलेल्या मधावर मुंग्यांची रांग लागली होती, आणि मुंगी खायला पाटी लागत नाही.

"रिकामं," हौसा म्हणाली. "मागे भोक आहे. महाराजांच्या मापाचं."

सभेत इतकी शांतता पसरली की मुंगी गिळल्याचा आवाजही आला. महाराज दोन पावलं डावीकडे सरकले आणि गहिवरले.

"मोठी चूक झाली," ते म्हणाले. "कोठार भरलेलं आहे हे सरकारने जाहीर केलंय. भरलेलं कोठार जिला दिसत नाही, ती माउली डोळस कशी असेल? हौसाबाईंवर अन्याय झाला. आत्ताच्या आत्ता त्यांना दाखला द्या."

टाळ्यांनी जंगल हादरलं. वानराने कपाळावरचा शिक्का स्वतः पुसला. घुबडाला उठवलं. चाकाची पाटी हौसाच्या पंजात आली आणि फोटो निघाला. मुंग्यांचं भोक मात्र त्याच दुपारी बुजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाने चाक शेवटपर्यंत फिरवून पान दाबलं. तीन पायांची चाहूल दारात थांबली.

"टिर्रर्र," पाटी म्हणाली.

"काय म्हणतेय?" नामदेवने विचारलं.

"तुमचा वाटा मिळाला आहे, म्हणतेय. धन्यवाद."

झडप वाजली. वारा आला. पिल्लांनी तो हुंगला.

"नामदेवभाऊ, तुम्ही तरी बघा. पडलंय का काही बाहेर?"

नामदेवने झडपेकडे पाहिलं, झाडावर बसलेल्या साळुंकीबाईंकडे पाहिलं, आणि मग व्यवस्थित डोळे मिटून घेतले.

"मला काय दिसणार, हौसा," तो म्हणाला. "मी कालच अर्ज केलाय."