बाबालालमामाचं पाणी

फार वर्षांपूर्वी, आपल्या घाटात डांबर पडायच्याही आधी, बाबालाल मुलाणी नावाचा एक लॉरी ड्रायव्हर होता. आपल्या आंबेखिंडीतली लहानथोर माणसं त्याला मामा म्हणत. खालच्या मिठागरांवरून तो मीठ भरायचा आणि घाट चढून वर न्यायचा. त्याची लॉरी जुन्या धाटणीची, पुढे लांब नाकाडाची होती. पुढून हँडल मारलं की खोकत खोकत जागी व्हायची. घाट चढायला तिला अर्धा दिवस लागे आणि आपल्या वळणावर आली की इंजिन तापून ती थांबायचीच. मग मामा वळणावरच्या झऱ्याचं पाणी आधी तिला पाजायचा, नंतर स्वतः प्यायचा.

तेव्हाचा ड्रायव्हर म्हणजे गावाचं टपाल, वर्तमानपत्र आणि दवाखान्याची गाडी, सगळं एकच. मालकाला सांगून ठेवलेलं मिठाचं एक पोतं तो दर खेपेला झऱ्यापाशी उतरवायचा. गावात मीठ कुणी विकत आणत नसे. अडलेल्या बायकांना तो पोत्यांवर गोधडी टाकून तालुक्याला न्यायचा. एकदा उतारावर ब्रेक गेले. मागे अडलेली बाई कण्हत होती. मामाने लॉरीच्या गिअरच्या दांड्यावर थोपटलं आणि तिला म्हणाला, "बाई, मागं बाईच हाय. जरा समजून घे." लॉरी दरीच्या काठावर उभी राहिली, असं म्हणतात. त्याचा भोंगा रबरी फुगा दाबून वाजवायचा होता. तो वाजला की गोठ्यातल्या गायी पान्हा सोडायच्या, असंही म्हणतात.

गाव मामाला त्या भोंग्यावरून ओळखायचं. तोंड बघायची गरजच पडत नसे, आणि तिथंच आमची चूक झाली.

काळ बदलला. डांबर आलं. मालकाने जुनी लॉरी मोडीत घातली आणि मामाला नवी दिली, चपट्या तोंडाची, बटणाच्या हॉर्नची. ती घाट तासाभरात चढायची आणि तिला झऱ्याचं पाणी लागत नव्हतं. तिच्या पहिल्याच खेपेला मामा वरून साखर भरून खाली निघाला. साखर तेव्हा रेशनवर मिळे, तीही मूठभर. चैत्रातली दुपार होती. आपल्या वळणावर कुणाच्या ओळखीचा नसलेला हॉर्न वाजला आणि लॉरी पालथी झाली.

"गाडी पडली" असं कुणी ओरडलं नाही. "साखर सांडली" असं ओरडले.

सगळं गाव धावलं. कळश्या, घमेली, परड्या, जे हाताला लागेल ते घेऊन. एका बाईने तर लेकराचं टोपरं काढून भरलं. माझे आजोबा कोंडबा सगळ्यांत पुढे होते. हे मी लपवत नाही, लपवून आता काय मिळणार? चेपलेल्या केबिनमधून आवाज आला, "कोंडबा, पाणी." आजोबांना वाटलं, गावातलंच कुणी हाक मारतंय. ते मान वर न करता म्हणाले, "थांब रं, एवढी कळशी भरू दे."

पुन्हा आवाज आला, "रखमा, पाणी दे गं." रखमा म्हणजे तीच, जिला ब्रेक गेले त्या दिवशी मामाने मिठाच्या पोत्यांवरून तालुक्याला नेलं होतं. तिने केबिनमध्ये वाकून बघितलं.

"मामा हाय," ती म्हणाली.

झरा दहा पावलांवर होता. पण गावात त्या घडीला एक भांडं रिकामं नव्हतं. प्रत्येकाने दुसऱ्याच्या कळशीकडे पाहिलं, की हा ओतेल, ती ओतेल. फार वेळ नव्हे, दोन श्वास लागले असतील. मग आजोबांनी साखर रस्त्यावर ओतली, झऱ्याकडे पळाले, पाणी आणलं. बुडाशी साखर चिकटलेली, त्यामुळे ते पाणी गोड झालं होतं. ते मामाच्या ओठांवरून ओघळून गेलं. आत गेलं नाही.

उरलेली साखर लोकांनी घरी नेली. हो, नेली. संध्याकाळी चहा केला तर तो खारट. खीर केली तर तीही खारट. खाल्ल्या मिठाला गाव जागलं नाही, म्हणून ते मीठ परत आलं, असं म्हणतात. पण त्या दोन श्वासांबद्दल "असं म्हणतात" असं कुणी म्हणत नाही. ते झालेलं आहे.

पुढे पारावर आजोबा म्हणत राहिले, "आवाज वेगळा होता हॉर्नचा. वळखलं न्हाई आम्ही." रखमाने एकदाच त्यांना विचारलं, "म्हंजे दुसरा कुणी असता तर चाललं असतं?"

आता घाटातून सोळा-सोळा चाकांचे ट्रक जातात. केबिनला काच, आत गारवा. फोनमधली बाई वळणं सांगते आणि गाडी कुठे किती मिनिटं थांबली ते मालकाला शहरात बसून दिसतं. ड्रायव्हरला आमच्यातलं एकही नाव ठाऊक नसतं. त्याचं पाणी बाटलीत असतं.

तरी आपल्याकडे प्रत्येक दाराशी एक तांब्या खुंटीला पालथा टांगलेला असतो. त्यात घरासाठी काही भरायचं नाही. वळणावर गाडी कलंडली, तर तेवढाच घेऊन पळायचं, दुसरं भांडं न्यायचं नाही. आणि चैत्रातल्या त्या दिवशी घरटी एकाने झऱ्याचं पाणी घेऊन रस्त्याला उभं राहायचं. एखादा ट्रक थांबलाच, तर तांब्या पुढे करायच्या आधी म्हणायचं, "दादा, आमच्या गावानं एका ड्रायव्हरला पाणी दिलं न्हाई." हे म्हटल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. पोरांना लाज वाटते. वाटू दे, त्यासाठीच ते आहे.

ऐकून कुणी पितो. कुणी नुसतं बघतो आणि गाडी पुढे काढतो. रागवायचं नाही. तांब्या तसाच धरून, पुढची गाडी येईपर्यंत उभं राहायचं.