भिवरामावशीचा सुंठवडा

त्या वर्षी घोंगडीवाले महाराज रामनवमीला निंबोरे गावी मुक्कामाला होते. खांद्यावर काळी घोंगडी आणि तोंडभर हसू, असे ते महाराज!

गावात भिवराबाई नावाची म्हातारी एकटी राहत असे. नवरा गेलेला, मुलगा दूरदेशी, गुडघे धरलेले, ऐकायला जवळजवळ येत नसे. पण रामजन्माचा सुंठवडा दरवर्षी तिच्याच हातचा. त्या मानावर ती वर्ष काढी.

यंदा विश्वासराव देशमुखांनी शहरातून आचारी आणला. भर चावडीत ते हसून म्हणाले, "मावशी, तुला ढोलसुद्धा ऐकू येत नाही. बस आता घरात!" चारचौघे खो खो हसले. शब्द ऐकू आले नाहीत, पण हसणे तिला कळले.

नवमीला दुपारी सारा गाव देवळात होता. आता जगायचे नाही, असे ठरवून भिवराबाईने बाहेर पडून दार ओढून घेतले. पाहते तो ओट्यावर महाराज!

"माय, जीव द्यायला निघालीस?" महाराजांनी सरळच विचारले.

आणि काय नवल, शब्द न् शब्द तिला ऐकू आला! ती ढसढसा रडली. "आता कुणासाठी जगू, महाराज? माझ्या हातची सुंठही काढून घेतली."

महाराजांनी उपदेश केला नाही. तिचे सगळे बोलणे संपेपर्यंत ते शेजारी बसून राहिले. मग म्हणाले, "भूक लागली गं. सुंठवडा कर, साखर सढळ घाल. उद्या पिठलं-भाकरी. परवाचं उद्या सांगतो."

"लई खादाड हो तुम्ही!" म्हातारी डोळे पुसत हसली आणि खलबत्त्यापाशी बसली.

इकडे देवळात पाळण्याची दोरी महाराजांच्याच हातात होती! देशमुखांनी प्रसाद पुढे केला, तेव्हा महाराज म्हणाले, "नको. भिवरामायकडे पोटभर झाला."

"आपण तर इथून हललाही नाहीत!" देशमुख हसले.

तेवढ्यात भिवराबाई लंगडत आत आली. "महाराज, घोंगडी ओट्यावरच विसरलात की!"

सगळ्यांनी महाराजांच्या खांद्याकडे पाहिले. खांदा रिकामा! घोंगडीला ताज्या सुंठेचा वास येत होता. म्हातारी कुठे निघाली होती, हे महाराजांनी हलकेच सांगितले, तेव्हा देशमुखांचे डोळे भरले. ते महाराजांच्या पायाशी वाकले.

"माझ्या नको, तिच्या पाया पड," महाराज म्हणाले. "आणि रोज तिच्या ओट्यावर जाऊन बसत जा."

देशमुखांनी तिच्या पायांवर डोके ठेवले. "चुकलो, मावशी."

"काय म्हणतोस? मोठ्यानं बोल!"

"चुकलो, मावशी!" देशमुख देऊळभर ओरडले.

"मग पुढल्या वर्षी सुंठ कुटायला ये," भिवराबाई म्हणाली.