मुनियेची मैत्रीण धुळीत गेली

एवढीशी होती मुनिया, इवलंसं पाखरूच. एवढीशी म्हणजे लिंबाएवढी. पण राग? राग कलिंगडाएवढा!

अच्युतकाकांच्या काळ्या कुळकुळीत गाडीच्या दारात मुनियेची मैत्रीण राहायची. मुनिया रोज यायची. चिक म्हणायची. मैत्रीणही चोच उघडायची. दोघींचं छान चालायचं.

एके दिवशी वाळूचा ट्रक गेला. धडधड धडधड! भस्सकन धूळ उडाली. गाडी झाली मातकट. आणि मैत्रीण? गायब!

आता राग येणार नाही तर काय होणार?

मुनिया उडाली फुर्र फुर्र. गाडीच्या आरशावर बसली.

"गाडी गं गाडी, माझी मैत्रीण दाखव!"

गाडी म्हणाली, "कशी दाखवू? अंगभर धूळ. फडकं पुसेल तेव्हा दाखवीन."

"असं काय! बघतेच फडक्याला!"

फुर्र फुर्र. फडकं दोरीवर झुलत होतं. मऊ मऊ, पिवळं पिवळं.

"फडक्या रे फडक्या, ऊठ, पूस!
गाडी दाखवेना,
मैत्रीण दिसेना!"

फडकं म्हणालं, "छे छे! धुळीत बारीक खडे असतात. कोरडंच पुसलं तर खर्रर्र! काळ्या रंगावर ओरखडेच ओरखडे. आधी पाइप भिजवेल, मग पुसेन."

"भित्रट कुठला!" मुनिया चिडली.

फुर्र फुर्र. पाइप बागेत वेटोळं घालून पडला होता. लठ्ठोबा!

"पाइप रे पाइप, ऊठ, भिजव!
फडकं पुसेना,
गाडी दाखवेना,
मैत्रीण दिसेना!"

पाइप म्हणाला, "छे छे! गाडी उन्हात तापलीय. चर्रर्र! पाणी लगेच वाळेल, पांढरे डाग पडतील. आधी सावली येईल, मग भिजवीन."

मुनियेनं पाय आपटला. एवढासा पाय, तरी आपटला.

फुर्र फुर्र. सावली जांभळाच्या झाडाखाली लोळत होती. गारेगार.

"सावली गं सावली, ऊठ, चल!
पाइप भिजवेना,
फडकं पुसेना,
गाडी दाखवेना,
मैत्रीण दिसेना!"

सावली म्हणाली, "छे छे! मी झाडाला सोडून कशी येऊ? गाडीनंच यावं माझ्याकडे. काका आणतील गाडी."

"सगळे मेले सारखेच!" मुनिया किंचाळली.

फुर्र फुर्र. अच्युतकाका खुर्चीत बसले होते. पाय वर. पेपर तोंडासमोर.

"काका, अहो काका, उठा, चला!
सावली येईना,
पाइप भिजवेना,
फडकं पुसेना,
गाडी दाखवेना,
मैत्रीण दिसेना!"

काका पेपराआडून म्हणाले, "हॅ! त्यात काय! एक फडकं मारतो की झालं."

मारतो?

मारतो!

मुनिया फुगली. लिंबाची मोसंबी झाली. "मारता? माझ्या मैत्रिणीला मारता? लाज नाही वाटत?"

"अगं बाई, फडकं मारतो म्हणजे पुसतो!"

"मग पुसतो म्हणा ना! आणि कोरडं पुसाल तर ओरखडा कुठं पडेल? माझ्या मैत्रिणीच्या तोंडावर! उठा! उठा! उठा!"

चिक चिक चिक चिक! पेपरावर नाच, चष्म्यावर नाच, डोक्यावर नाच.

"उठलो गं माझे आई!" काका उठले.

काका उठले, गाडी जांभळाखाली आली. घुर्र घुर्र.
सावली आली, गाडी गार झाली.
पाइपानं भिजवलं. सर्रर्र! वरून खाली, वरून खाली. धूळ वाहिली, खडे वाहिले.
मग आला साबणाचा फेस. फुस फुस! पुन्हा पाणी. सर्रर्र!

आता फडक्याची पाळी. फडकं म्हणालं, "घासू का?"

"घासू नको!" मुनिया ओरडली. "टिप!"

"टिप? टिप म्हणजे काय?"

"मी दाणे टिपते ना? तसं. बघ! खाली, वर. खाली, वर."

फडकं गाडीवर बसलं. खाली, वर. टिप टिप. पाणी प्यायलं. खाली, वर. टिप टिप. एकही ओरखडा नाही! दार झालं काळं कुळकुळीत.

आणि दारात कोण? मैत्रीण!

"कुठं होतीस गं?" मुनिया ओरडली.

मैत्रिणीनंही चोच उघडली. मोठ्ठी!

"मलाच ओरडतेस? वणवण कोण फिरलं? मी!"

मैत्रीणही तशीच फुगलेली. तिचीही पिसं विस्कटलेली. तिचेही डोळे लाल.

मुनियेनं मान वाकडी करून पाहिलं. मैत्रिणीनंही मान वाकडी करून पाहिलं.

"अगं बाई," मुनिया हळूच म्हणाली, "तूही मलाच शोधत होतीस?"

मुनिया पुढे सरकली. मैत्रीणही सरकली. मुनियेनं दाराला गाल लावला. चोच नाही हं, ओरखडा पडेल.

गाल.